चिठ्ठी कोणासाठी?



मे-जून महिन्यांत निकाल लागतात. मिस्सानंतर गुणवंतांची नावे वाचली जातात, टाळ्या पडतात, घरोघरी पेढे वाटले जातात. ते योग्यच आहे. मुलांनी कष्ट केलेले असतात, आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन फी भरलेली असते. पण त्यानंतर जी वाट सुरू होते तिच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. शाळा-कॉलेजचा दरवाजा मागे पडलेला असतो आणि कामाचा दरवाजा अजून उघडलेला नसतो. या दोन दरवाजांमधले अंतर कोणी सहा महिन्यांत ओलांडतो, कोणाला सहा वर्षे लागतात, तर कोणी मध्येच बसून राहतो.

आपल्या एकाच चर्चमध्ये, एकाच बाकावर किती वेगवेगळ्या घरांतली मुले बसतात ते पाहा. वाडीत केळी आणि फुले पिकवणाऱ्याचा मुलगा आहे. कोळीवाड्यातली, पहाटे आईबरोबर मासळीची पाटी उचलून मग कॉलेजला जाणारी मुलगी आहे. स्टेशनजवळ भाड्याने राहणाऱ्या, मंगळूर, गोवा किंवा केरळमधून आलेल्या कुटुंबांची मुले आहेत. डहाणू-तलासरीकडून वसतिगृहात येऊन शिकलेली आदिवासी मुलगी आहे. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईचा मुलगा आहे आणि बँकेत किंवा शाळेत आयुष्यभर नोकरी केलेल्यांची मुलेही आहेत. समजा, या सगळ्यांना बी.कॉम.ला सारखेच साठ टक्के मिळाले. पाच वर्षांनी ते सारख्याच ठिकाणी असतील का? नसतील, हे आपण सगळेच जाणतो.

याच दिवसांत फादरांच्या ऑफिसात एक मागणी वारंवार येते. "फादर, एक चिठ्ठी द्या. अमुक शाळेत जागा आहे, तमुक हॉस्पिटलात जागा आहे. तुमचा शब्द पडला तर काम होईल." प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. अशी चिठ्ठी मागणे योग्य आहे का? देणे योग्य आहे का? आणि ज्याला चिठ्ठी मागायचीही माहिती नाही, त्याचे काय? या आठवड्यात आपण याच प्रश्नाचा विचार करू.

पदवी आणि ओळख

'शिका म्हणजे नोकरी लागेल' असे आपण मुलांना सांगत आलो. ते पूर्ण खरे नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ साली भारतातील रोजगाराविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२ मध्ये लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेरोजगारीचे प्रमाण ३.४ टक्के होते, तर पदवीधर तरुणांत ते २९.१ टक्के होते. याचा अर्थ शिक्षण वाया गेले असा नाही. गरिबाच्या अशिक्षित मुलाला घरी बसून राहणे परवडत नाही, तो मिळेल ते काम करतो. शिकलेला मुलगा शिक्षणाला साजेसे काम शोधत थांबतो, आणि ते काम सहजासहजी सापडत नाही.

मग ज्यांना सापडते त्यांना ते कसे सापडते? मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास बोस्टनजवळच्या न्यूटन या गावी नोकरदारांना हाच प्रश्न विचारला. निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी ओळखीतून मिळाली होती. त्यातही गंमत अशी की, ओळख बहुधा जवळच्या नातेवाइकाची नव्हती, तर अधूनमधून भेटणाऱ्या लांबच्या परिचिताची होती. कारण सरळ आहे. घरच्या माणसांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते, नवी बातमी बाहेरचा माणूस आणतो. आता वाडीतल्या किंवा पाड्यावरच्या मुलाचा विचार करा. त्याच्या ओळखीची सगळी माणसे त्याच्यासारखीच आहेत. ऑफिसातली, कारखान्यातली, प्रयोगशाळेतली बातमी त्याच्यापर्यंत आणणार कोण?

आपल्या देशात याहून कडू सत्यही समोर आले आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले आणि २००७ साली आपले निष्कर्ष 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त मांडले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, तर मुस्लिम नावाला जेमतेम एक तृतीयांश होती. त्याच अंकात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांचा लेख होता. कंपन्यांत माणसे निवडणारे अधिकारी त्यांना सांगत होते की, आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो. पण तेच अधिकारी उमेदवाराच्या घरची पार्श्वभूमीही महत्त्वाची मानत होते.

'वडील काय करतात?' हा प्रश्न आपल्याला नवा नाही. नाझरेथच्या सभास्थानात प्रभू येशूने शिकवले तेव्हा लोकांनी त्याच्या शिकवणीचा विचार करण्याऐवजी हा सुताराचाच मुलगा ना, असे विचारले (मत्तय १३:५५). आणि नथनेलाने तर गावाचे नाव ऐकूनच नाझरेथमधून काही चांगले निघेल का, अशी शंका घेतली (योहान १:४६). घराण्यावरून आणि पत्त्यावरून माणूस जोखण्याची सवय किती जुनी आहे!

वाटेतले खड्डे

भेदभाव नसला तरी अडचणी उरतातच. त्या बाहेरून दिसत नाहीत, म्हणून थोड्या तपशिलाने सांगतो.

पहिली अडचण मुलाखतीच्या भाषेची. मराठी माध्यमातल्या मुलीला हिशेब येतो, संगणक येतो, पण 'स्वतःविषयी सांगा' असे इंग्रजीतून विचारले की तिची जीभ टाळूला चिकटते. ज्या घरात जेवताना ऑफिसच्या गप्पा होतात तिथल्या मुलाने या प्रश्नाचे उत्तर न कळत शिकून घेतलेले असते.

दुसरी अडचण पहिल्या महिन्याची. नोकरी लागली तरी पगार महिन्यानंतर. तोवर विरार लोकलचा पास, बूट, दोन बरे सदरे, दुपारचे जेवण हे सगळे कोण देणार? हातावर पोट असलेल्या घरात मुलगा शोधाशोध करीत राहिला तर त्या दिवसांची मजुरीही बुडते. म्हणून तो समोर येईल ते पहिले काम धरतो, आणि पुष्कळदा तिथेच अडकतो.

तिसरी अडचण फुकट उमेदवारीची. 'सहा महिने शिकून घे, मग बघू' असे सांगून मुलांना राबवले जाते. ज्याच्या घरी चूल पेटायला दुसरी मिळकत आहे त्याला हे परवडते, इतरांना नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने उमेदवाराला विद्यावेतन देणे बंधनकारक केले आहे. पण हा कायदा करारनामा नोंदवून घेतलेल्या उमेदवारांना लागू होतो, आणि नोंद टाळणारे पुष्कळ असतात.

चौथी अडचण फसवणुकीची. जहाजावर किंवा आखातात नोकरी लावून देतो म्हणून पैसे उकळणारे एजंट आपल्या भागाला नवीन नाहीत. जहाजावर भरती करणाऱ्या एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो आणि परदेशी कामगार पाठवणाऱ्याची सरकारदरबारी नोंदणी असावी लागते. एवढी चौकशी केली तरी पुष्कळ घरे कर्जातून वाचतील. पण फसतो तो बहुधा ज्याला विचारायला कोणी नाही तोच.

ओळख म्हणजे पाप का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ओळखीने इतके काम होत असेल आणि ती सर्वांना सारखी मिळत नसेल, तर ओळख वापरणे हेच अन्यायाचे आहे का?

घाईने 'होय' म्हणता येणार नाही. आपल्या माणसांची काळजी घेणे हे कर्तव्य आहे. जो आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाही त्याने जणू श्रद्धाच नाकारली आहे, अशा कडक शब्दांत संत पौल तीमथ्याला बजावतो (१ तीमथ्य ५:८). शिवाय ख्रिस्तसभेचा इतिहास ओळखीनेच सुरू होतो. अंद्रियाने आपला भाऊ शिमोन याला प्रभूकडे आणले, फिलिपने नथनेलाला आणले. स्वतः पौल यरुशलेमला आला तेव्हा शिष्य त्याला भीत होते. बर्णबाने त्याला हाताशी धरून प्रेषितांपुढे नेले आणि त्याच्यासाठी शब्द टाकला (प्रेषितांची कृत्ये ९:२६-२७). बर्णबाने काय सांगितले? पौलाला वाटेत काय घडले आणि दमास्कसमध्ये त्याने काय केले, ते. जे खरे होते, तेवढेच.

पण बायबलमध्ये दुसऱ्या प्रकारची ओळखही आहे. जब्दीच्या मुलांची आई येशूकडे आली आणि माझ्या दोन मुलांना तुझ्या उजवीकडे आणि डावीकडे बसव, असे मागणे तिने केले (मत्तय २०:२०-२३). आईच ती! आपल्यापैकी कोणत्या आईने असे केले नसते? प्रभू तिच्यावर रागावला नाही. पण त्याने जागाही दिली नाही. ती देणे माझे नाही, ज्यांच्यासाठी पित्याने सिद्ध केली आहे त्यांची ती आहे, असे तो म्हणाला. जी जागा आपल्या मालकीची नाही ती वाटण्याचा हक्क कोणालाच नाही. शाळेतली, हॉस्पिटलातली, संस्थेतली जागा ही ट्रस्टींची, मुख्याध्यापकांची किंवा धर्मगुरूंची खाजगी मालमत्ता नसते.

संत थॉमस अक्वायनस यांनी याच गोष्टीला पक्षपाताचे पाप म्हटले आहे. 'सुम्मा थिऑलॉजिका' या ग्रंथात ते नोकरीचेच उदाहरण देतात. एखाद्याला पुरेसे ज्ञान आहे म्हणून अध्यापक नेमले तर ते न्यायाला धरून आहे. पण तो पेत्र आहे किंवा मार्टिन आहे, श्रीमंत आहे किंवा नातलग आहे, एवढ्यासाठीच नेमले तर तो पक्षपात होतो. यात ज्याला डावलले त्याचे नुकसान होतेच. शिवाय ज्या मुलांना तो अध्यापक शिकवणार असतो त्यांचेही होते, ही भर आम्ही आमच्याकडून घालतो.

तर मग चिठ्ठीचे काय? चिठ्ठी दोन प्रकारची असू शकते. 'या मुलीला मी पाच वर्षे ओळखतो, ती वेळेवर येते, हिशेबात चोख आहे' ही साक्ष झाली. मालकाला ठाऊक नसलेले सत्य ती त्याच्यापुढे ठेवते, निर्णय त्याचाच राहतो. 'हा आमचा माणूस आहे, बघून घ्या' हा वशिला झाला. त्यात सत्य काहीच नसते, फक्त दाब असतो. पहिली चिठ्ठी देणे हे प्रेमाचे कृत्य आहे. दुसरी देणे म्हणजे कोणा न पाहिलेल्या मुलाच्या ताटातला घास उचलणे.

यावर कोणी म्हणेल, "सगळेच वशिला लावतात. आम्ही लावला नाही तर आमचीच मुले मागे राहतील. आपण आधीच अल्पसंख्य." हा आक्षेप खोटा नाही. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्य समाजाला आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला आहे, आणि समाजातील दुर्बलांना त्यांतून आधार मिळावा ही अपेक्षा रास्तच आहे. पण स्वतःला विचारून पाहू या. अशा संस्थांतून 'आपल्या माणसा'ला संधी मिळते तेव्हा तो आपला माणूस कोण असतो? पाड्यावरून आलेली मुलगी की पदाधिकाऱ्याचा पुतण्या? समाजाच्या नावाने मिळालेला हक्क समाजातल्या सर्वांत कमकुवत माणसापर्यंत पोहोचत नसेल, तर तो समाजाचा हक्क न राहता चार घरांचा होतो.

संत पौलाची चिठ्ठी

नव्या करारात एक संपूर्ण पुस्तकच शिफारसपत्र आहे. फिलेमोनला लिहिलेले पत्र ते. एका पानाचे. ते कोणासाठी आहे? ओनेसिम नावाच्या गुलामासाठी. ज्याला घराणे नाही, नाव नाही, मालकापुढे तोंड दाखवायलाही जागा नाही, अशा माणसासाठी तुरुंगातला पौल आपला सगळा शब्द खर्ची घालतो. आणि एवढेच नाही, याने तुझे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड, असेही लिहून देतो.

ख्रिस्ती चिठ्ठी कशी असावी याचा हा नमुना आहे. जो आधीच दारात उभा आहे त्याला आत ढकलण्यासाठी ती नसते. ज्याला दारच ठाऊक नाही त्याच्यासाठी ती असते, आणि तिची किंमत लिहिणारा स्वतः मोजतो.

द्राक्षमळ्याच्या दाखल्याकडेही या नजरेने पाहा (मत्तय २०:१-१६). मालक पहाटेपासून पाच वेळा स्वतः बाजारपेठेत जातो. सायंकाळी पाचच्या सुमारास उभ्या असलेल्यांना तो विचारतो की, दिवसभर रिकामे का उभे आहात? आम्हाला कोणी कामावर लावले नाही, असे ते सांगतात. आपण नाक्यावर उभ्या असलेल्या पोरांना आळशी, बिनकामाचे म्हणून मोकळे होतो. मालक तसे म्हणत नाही. तो त्यांचे उत्तर खरे मानतो आणि त्यांना मळ्यात पाठवतो. पहाटेपासून राबलेल्यांची कुरकुर आपल्याला समजू शकते, पण पाच वाजेपर्यंत कोणी विचारलेच नाही या भीतीत घालवलेला दिवस हीसुद्धा कष्टाचीच गोष्ट आहे. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्सर्सेन्स' या परिपत्रकात बेकारीचा विचार करताना, शिक्षण घेऊन तयार झालेल्या आणि तरीही काम न मिळणाऱ्या तरुणांच्या वेदनेचा खास उल्लेख केला आहे.

आपण काय करू शकतो?

बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांची हकीकत इथे आठवते. ते पंधराव्या वर्षी सेमिनरीत गेले, त्यांचे वर्गमित्र कारखान्यात गेले. सुटीत घरी आल्यावर पाहतात तर तेच मित्र त्यांना परके मानू लागले होते, चर्चपासून दुरावले होते. शाळा सुटल्यावर कारखान्याच्या दारात या मुलांचा हात धरणारे कोणी नव्हते, हे कार्डाइन विसरले नाहीत. त्यांनी उभी केलेली तरुण ख्रिस्ती कामगारांची चळवळ १९२५ साली औपचारिकपणे सुरू झाली. पाहा, पारखा आणि कृती करा, ही तिची पद्धत. आपण पाहिले, थोडे पारखले. आता कृतीच्या काही सूचना.

१. आपल्या धर्मग्रामात परिचारिका आहेत, वायरमन, शिक्षक, मोटरमन, अकाउंटंट, केटरर आहेत. महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर त्यांच्यापैकी दोघांनी हॉलमध्ये एक तास बसावे आणि जो येईल त्याला आपल्या कामाची माहिती द्यावी. वाडीतल्या मुलाला जी लांबची ओळख मिळत नाही ती अशी मिळेल.

२. ज्यांचे दुकान, वर्कशॉप किंवा कंत्राट आहे त्यांनी माणूस हवा असल्यास भाच्याला फोन करण्याआधी चर्चच्या फलकावर दोन रविवार जाहिरात लावावी. उमेदवाराला पहिल्या महिन्यापासून पैसे द्यावेत. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या, ही अनुवादाच्या पुस्तकातली आज्ञा (२४:१४-१५) आजही रद्द झालेली नाही.

३. संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी फ्रेडरिक ओझानाम यांनी १८३३ मध्ये पॅरिसला स्थापन केली, तेव्हा ते स्वतः अवघ्या वीस वर्षांचे विद्यार्थी होते. नवी नोकरी लागलेल्या गरजू मुलाला पहिल्या महिन्याचा पास आणि डब्याचा खर्च बिनव्याजी देण्याचे काम आपल्या सोसायटीने हाती घ्यावे. पगार झाल्यावर तो परत करील, आणि तेच पैसे पुढच्याला जातील. १९१८ साली आपल्या वाडवडिलांनी बॅसिन कॅथॉलिक बँकेचा पाया घातला तो याच विश्वासावर. एकेकट्या शेतकऱ्याला सावकाराच्या दारात पत नव्हती, सगळ्यांची मिळून झाली.

४. आईवडिलांनी आयटीआयला कमी लेखू नये. 'दहावीत कमी पडले म्हणून आयटीआय' असे मुलासमोर म्हणू नका. देवाचा पुत्र सुताराच्या घरी वाढला हे आपण दर १ मे रोजी साजरे करतो. मुलींच्या आईवडिलांना एक माहिती : वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागास घटकांतील मुलींना व्यावसायिक पदवी शिक्षणात पूर्ण शिक्षण शुल्क माफी देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये घेतला आहे. प्रवेशाच्या वेळी कॉलेजात त्याची चौकशी करा.

५. आणि चिठ्ठी. फादरांकडे किंवा पॅरिश कौन्सिलच्या सभासदाकडे ती मागताना, 'माझ्याविषयी तुम्हाला जे खरे ठाऊक आहे ते लिहा' एवढेच मागावे. देणाऱ्याने तेवढेच लिहावे. आपल्या मुलासाठी एक चिठ्ठी मागणाऱ्याने शेजारच्या अशा एका मुलाचे नावही घेऊन यावे, ज्याच्यासाठी मागणारे कोणी नाही.

ही शेवटची सूचना सर्वांत सोपी आहे आणि सर्वांत अवघडही. पुढच्या रविवारी मिस्साला याल तेव्हा आपल्या वाडीतले, गल्लीतले, इमारतीतले असे एक नाव आठवून या. शिकलेले, पण अजून काम न लागलेले. कामगार संत योसेफांच्या मध्यस्थीने त्या नावासाठी प्रार्थना करू, आणि मिस्सा संपल्यावर त्या मुलाला किंवा मुलीला शोधून काढून विचारू की, तुझे कसे चालले आहे?